बाबा, चोपड्या रद्दीत देऊ नका

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

फोनच करणार होते. पण बाबा कानाचं मशीन लावणार नाहीत, अर्धं ऐकून ‘बरं बरं’ म्हणतील आणि उरलेलं आई तू त्यांना तुझ्या पद्धतीनं सांगशील. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा. आई, तू आधी शेवट बघू नकोस.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये माझं पीएचडीला झालंय. मंगळवारी कळलं, बुधवारी मी होकार दिला, शुक्रवारी बँकेत राजीनामा. म्हणजे विचारायला लिहीत नाहीये, सांगायलाच लिहितेय. हे वाक्य चारदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. जूनमध्ये निघायचं. निखिलचं काम घरूनच चालतं, तो आणि ओवी बरोबर येतायत.

माहितीय मला. तीन वर्षं मीच मागे लागले होते, पुण्याला या, पुण्याला या. अँजिओप्लास्टीनंतर तर भांडलेसुद्धा. शेवटी दिवाळीत बाबा ‘येतो’ म्हणाले, आई तू पितळी भांडी ताईला देऊनही टाकलीस, आणि आता मीच पुणं सोडतेय. तुमच्या खोलीच्या बाथरूममध्ये आधाराचा स्टीलचा दांडा बसवलाय ना, आज तो पुसायला गेले. त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. ते मी तसंच ठेवलं.

सदतिसाव्या वर्षी कसलं शिकणं, असं आई तू म्हणणार. तिथं माझ्याहून लहान पोरं असतील, हे खरं. पण फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन देतात. आत्ताच्या पगाराच्या मानानं कमीच, पण पुण्याच्या घराच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता जाईल. हे सगळं निखिलनं दोनदा आणि मी पाचदा मांडून बघितलंय. नोकरी सांभाळून करायची डीबीए, म्हणजे व्यवस्थापनातली डॉक्टरेटसुद्धा असते, तिचीही चौकशी केली होती. शनिवार-रविवार वर्ग, आपल्याच कामातला प्रश्न घेऊन तो सोडवायचा. पण तिथं लाखांत फी आपल्या खिशातून भरायची, आणि मला बँकेचा प्रश्न सोडवायचाच नव्हता. इकडं पहिली दोन वर्षं वर्ग, मग एक मोठी परीक्षा, मग विषय समितीपुढं मांडायचा आणि त्यानंतर प्रबंध. चार-पाच वर्षं धरा.

बाबा, शिक्का कुणाचा, हे तुम्ही विचारणारच. अभ्यासक्रम १९७१ पासूनचा आहे, पण आयआयएमला पदवी द्यायचा अधिकार नव्हता, त्यामुळं ‘फेलो’ म्हणायचे. २०१७ च्या कायद्यानं तो अधिकार मिळाला आणि आता रीतसर पीएचडी मिळते. आई, गल्लीत सांगताना नुसतं ‘डॉक्टर होणार’ म्हणू नकोस, लोक गुडघे दाखवायला येतील.

आता विषय. हे सांगायलाच मला तोंडावर धीर झाला नसता. मी आपल्या खर्चीवाल्यांवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्यांवर अभ्यास करणार आहे.

मुलाखतीत एका सरांनी विचारलं, कापडाच्या मीटरमागं तोटा होतोय हे कळत असताना माणूस माग बंद का करत नाही? तोपर्यंत मी इंग्रजीतून चांगलं बोलत होते. मग एकदम आपल्या ओट्यावर बसल्यासारखं झालं. म्हटलं, सर, माग बंद ठेवला तरी विजेच्या बिलातला स्थिर आकार येतोच. कामगाराला दिलेली उचल अडकते. आणि एकदा नाही म्हटलं की व्यापारी पुढचं बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, दुसऱ्याच्या दारात उतरवतो, ते परत आपल्याकडं येत नाही. सूत त्याचं, कापड त्याचं, आपली फक्त मजुरी, तीही पिकावर, म्हणजे कापडाच्या इंचात आडवे धागे किती त्यावर. बावन्न पिकाच्या कापडाला पिकामागं एक पैसा कमी झाला की मीटरला बावन्न पैसे गेले. सरांनी ते लिहून घेतलं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेही सांगून टाकलं. बाबा, तुम्ही पाहुण्यांना सांगता तसंच, हात पुढं करून.

त्यासाठी मला तुमच्या चोपड्या हव्यात. माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत त्या सगळ्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. कुठल्या आठवड्यात किती मीटर, कुणाला किती उचल, व्यापाऱ्यानं डागी म्हणून किती कापले. असा हिशोब कुठल्या ग्रंथालयात मिळत नाही. तुम्ही म्हणाल, काय ठेवलंय त्यात, तोटाच तर आहे. टेम्पो आला त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि या पत्रातही विचारणार नाही. प्रबंधात नावं बदलतात, आपलं कुठंही येणार नाही. तरीही बापाच्या तोट्यावर पोरगी मोठी झाली, असं कुणी म्हणेल आणि ते तुम्हाला लागेल, याचीच मला भीती आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी दुसऱ्यांच्या चोपड्या शोधीन. पण आधी तुमच्याकडं मागतेय.

परवा ओवीला सांगत होते, वहिफणीला, म्हणजे ताण्याच्या तारा फणीत ओवायला, मामा बसायचे तेव्हा पलीकडून एकेक तार काढून द्यायचं काम माझं. चुकले की मामा म्हणायचे, “चिमे, तुझ्या बापाच्या कापडाला गल्ली पडली बघ.” गल्ली म्हणजे तार सुटून कापडात राहिलेली उभी फट. तुम्ही मला उचलून कापडाच्या गाठींवर बसवायचात आणि खिशातली गोळी द्यायचात, सुताचे तुसे चिकटलेली. आई ओरडायची. भुवईवरची धोट्याची खूण अजून आहे. मुलाखतीला निघताना पावडर लावून झाकली होती, मग पुसून टाकली.

बरं, आता ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून टाळायची नाही. डब्यातले कप्पे रविवारी आईनं भरायचे आणि रात्री ताईला फोटो पाठवायचा. ताई सांगलीतच आहे, पण तिला त्रास नको म्हणून काही लपवलंत तर मी मधल्या सत्रात उठून येईन. मशीन कानात घालायचं, कपाटात नाही. आई, तू जिने चढून देवळात जायचं बंद. खालून हात जोड, त्याला चालतं. स्वयंपाकाला बाई लावलीय, पगार मी तिला परस्पर पाठवणार, तेव्हा ‘नको, मीच करते’ म्हणून तिला परत धाडू नकोस.

आमची काळजी करू नका. कॅम्पसवर कुटुंबासाठी घर मिळतंय, लाल विटांचं सगळं, झाडं भरपूर. डाळ तिथं गोड असते म्हणे, म्हणून यंदा तिखट करशील तेव्हा दोन किलो जास्त कर. थंडी पडली की तुम्ही यायचं आणि संक्रांत करूनच परतायचं, पतंग बघायला. कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे, मिरजेला चढा, खालचे बर्थ मी काढते. आणि पुण्याचं घर विकत नाहीये, फक्त भाड्यानं देतेय. ती खोली तुमचीच.

दमले. ओवी झोपेत बोलतेय.

तुमची,
चिमी

ता. क. शनिवारी सकाळी प्लंबर येईल, इचलकरंजीच्या बाथरूममध्येही तसाच दांडा बसवायचाय. किती उंचीवर हवा ते बाबांनी स्वतः उभं राहून दाखवायचं. आईच्या मापानं नको.