हिडन पॉवरचं गणित उलगडून दाखवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

पोकेमॉन या व्हिडिओगेममधली हिडन पॉवर ही मूव्ह, म्हणजे लढाईतला एक हल्ला, तू मला वहीच्या दोन पानांवर उलगडून दाखवलीस, त्याबद्दल तुझे मनापासून आभार. हे तुला समोर बसूनही सांगता आलं असतं. पण तू शिकवलेलं चार लोकांपुढे मांडलं तर ज्यांना ही मूव्ह अजून कोड्यात टाकते त्यांच्याही ते उपयोगी पडेल, म्हणून हे उघड पत्र.

वाचणाऱ्यांसाठी आधी माझी अडचण काय होती ते सांगते. पोकेमॉन प्लॅटिनम या गेममध्ये माझ्याकडे दोन जॉल्टिऑन, म्हणजे इलेक्ट्रिक पोकेमॉन, होते आणि दोघांनाही टीएम १० ही मूव्ह शिकवणारी वस्तू वापरून मी हिडन पॉवर शिकवली होती. मेनूत दोघांच्याही मूव्हपुढे नॉर्मल हा टाइप, म्हणजे हल्ल्याचा प्रकार, दिसायचा. पहिल्याने ती गार्चोम्पवर टाकली की सुपर इफेक्टिव्हचा, म्हणजे जास्तीचा मार बसल्याचा, संदेश यायचा आणि एचपीचा, म्हणजे उरलेल्या जिवाचा, पट्टा सर्रकन खाली उतरायचा. दुसऱ्याने टाकली की साधाच फटका. मूव्ह तीच, पोकेमॉन तोच, समोरचा शत्रूही तोच, आणि गेम मात्र यावर चकार शब्द काढत नव्हता.

तू दोघांचे स्टॅट, म्हणजे अटॅक, स्पीड वगैरेंचे आकडे, उघडून पाहिलेस आणि म्हणालीस, "आधी यांना बेऱ्या खाऊ घाल." पोमेग, केल्प्सी, क्वालॉट, हॉन्ड्यू, ग्रेपा आणि टमाटो, अशा सहा जातींच्या बेऱ्या सहा स्टॅटमधले ईव्ही, म्हणजे लढून कमावलेले गुण, उतरवतात. कमावलेलं सगळं उतरलं की उरतं ते जन्मजात. दोन्ही जॉल्टिऑन लेव्हल १०० चे होते आणि दोघांचं नेचर सिरियस, म्हणजे कुठलाच स्टॅट वाढवत वा घटवत नाही असं. हिशोबाला याहून सोयीचं काही नाही, असं तू म्हणालीस ते मला दहा मिनिटांनी कळलं.

प्रत्येक पोकेमॉन जन्माला येतानाच प्रत्येक स्टॅटसाठी ० ते ३१ मधला एक आकडा घेऊन येतो. हेच आयव्ही. गेम ते दाखवत नाही, पण लेव्हल १०० ला ईव्ही शून्य असले की ते सरळ वजाबाकीने निघतात. जातीचा मूळ आकडा दुप्पट करायचा, त्यात आयव्ही मिळवायचा आणि वर ५ घालायचे, की स्क्रीनवरचा स्टॅट तयार. एचपीला तेवढे ५ ऐवजी ११० घालायचे. जॉल्टिऑनच्या स्पीडचा मूळ आकडा १३०. त्याची दुप्पट २६०, अधिक ५, झाले २६५. माझ्या पहिल्या जॉल्टिऑनचा स्पीड होता २९२. आयव्ही निघाला २७.

बाकीचे पाचही तू माझ्याकडून काढून घेतलेस. एचपी २५९, आयव्ही १९. अटॅक १४३, आयव्ही ८. डिफेन्स १४७, आयव्ही २२. स्पेशल अटॅक २५०, आयव्ही २५. स्पेशल डिफेन्स २०८, आयव्ही १३.

मग तू या सहा आकड्यांना एकच प्रश्न विचारायला लावलास: सम की विषम? हिडन पॉवरचा टाइप ठरवताना आयव्ही मोठा की लहान याला काडीची किंमत नाही. ८ असो की ३०, सम तो सम. विषम असलेल्या प्रत्येक स्टॅटला ठरलेलं वजन मिळतं: एचपीला १, अटॅकला २, डिफेन्सला ४, स्पीडला ८, स्पेशल अटॅकला १६, स्पेशल डिफेन्सला ३२. स्पीड मधेच, स्पेशल अटॅकच्या आधी येतो, हे तू दोनदा अधोरेखित केलंस आणि बरं झालं, कारण स्क्रीनवर तो सगळ्यात शेवटी दिसतो आणि तिथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. माझ्या जॉल्टिऑनचे एचपी, स्पीड आणि दोन्ही स्पेशल विषम होते. १ आणि ८ आणि १६ आणि ३२, बेरीज ५७. तिला १५ ने गुणायचं, ६३ ने भागायचं. ८५५ भागिले ६३ म्हणजे साडेतेराच्या थोडं वर. "वर नेऊ नकोस, अपूर्णांक सोडून दे," असं तू म्हणालीस. १४ धरले असते तर उत्तर ड्रॅगन आलं असतं.

तेराव्या क्रमांकाचं नाव शोधायला तू सोळा टाइपची ओळ लिहिलीस, शून्यापासून मोजायची: फायटिंग, फ्लाइंग, पॉयझन, ग्राउंड, रॉक, बग, घोस्ट, स्टील, फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, सायकिक, आइस, ड्रॅगन, डार्क. नॉर्मल या ओळीत नाहीच. तेरावा आइस. गार्चोम्प ड्रॅगन आणि ग्राउंड, दोन्हींना आइस दुप्पट लागतो, म्हणून चौपट. त्या पट्ट्याचं सर्रकन उतरणं मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या जॉल्टिऑनला तू हातही लावला नाहीस, पेन्सिल माझ्याकडे दिलीस. त्याच्यात फरक होता तो फक्त एकाच ठिकाणी, स्पेशल डिफेन्सचा आयव्ही सम. ३२ गेले, उरले २५. २५ गुणिले १५ म्हणजे ३७५, भागिले ६३, उत्तर ५.९५. सहाच्या इतकं जवळ जाऊनही ते पाचच धरायचं, आणि पाचवा टाइप बग. एका स्टॅटमधल्या एका गुणाने आइसचा बग होतो! ज्या स्टॅटचा हल्ल्याशी काही संबंध नाही त्याच्यावर हल्ल्याचा टाइप अवलंबून असावा, ही या मूव्हची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे असं मला आजही वाटतं.

दुसरं पान मूव्हच्या ताकदीचं होतं. तिथेही तीच वजनं, फक्त प्रश्न बदलतो: आयव्हीला ४ ने भागल्यावर बाकी २ किंवा ३ उरते का? उरत असेल तर वजन धरायचं. बेरजेला ४० ने गुणून ६३ ने भागायचं आणि ३० मिळवायचे, म्हणजे ताकद ३० ते ७० च्या दरम्यान कुठेतरी. माझ्या आइसवाल्याचे एचपी, डिफेन्स आणि स्पीड तेवढे बसले. १ आणि ४ आणि ८, बेरीज १३, ताकद ३८. तू तो आकडा लपवला नाहीस की गोड करून सांगितला नाहीस. "टाइप उत्तम, ताकद कमी," एवढंच म्हणालीस आणि लगेच पुढची ओळ लिहिलीस: ३८ चौपट म्हणजे १५२. जॉल्टिऑनचा थंडरबोल्ट ९५ चा, स्वतःच्याच टाइपची मूव्ह म्हणून दीडपट, म्हणजे १४२.५. ड्रॅगनाइट, सॅलमेन्स, गार्चोम्प यांच्यासमोर माझी ही अशक्त हिडन पॉवर, साध्या शत्रूवरच्या थंडरबोल्टपेक्षा जोरात लागत होती. गार्चोम्पवर तर थंडरबोल्ट लागूच होत नाही. इलेक्ट्रिक पोकेमॉनवाले हिडन पॉवर आइस असलेलं पिल्लू मिळावं म्हणून इतकी अंडी का उबवत बसतात, याचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

तू जाता जाता सांगितलेल्या गोष्टीही मी नंतर करून पाहिल्या. सहाही आयव्ही ३१ असलेल्या पोकेमॉनची बेरीज ६३ येते आणि टाइप डार्क. डार्क दुसऱ्या कुठल्याही बेरजेने येत नाही. सम-विषमच्या चौसष्ट शक्यतांपैकी एकच त्याची. म्हणून ज्यांना दुसरा टाइप हवा ते मुद्दाम ३० शोधतात. ३० सम आहे पण त्याला ४ ने भागल्यावर बाकी २ उरते, त्यामुळे टाइप बदलतो आणि ताकद ७० च राहते. अटॅक आणि डिफेन्स ३०, बाकी ३१, की आइस. फायर हवा असेल तर मात्र स्पेशल अटॅक आणि स्पीड, दोन्हींतला एकेक गुण द्यावाच लागतो, आणि बरोबरीच्या वेगाची लढत असली की स्पीडचा तो एक गुण नडतो. एखादा आकडा परिपूर्ण नसण्यात फायदा असावा, असं दुसरं उदाहरण या गेममध्ये मला सापडलेलं नाही.

१९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये ही मूव्ह पहिल्यांदा आली तेव्हाचं गणित वेगळं होतं, तेही तू सांगितलंस. तेव्हा जन्मजात आकडे ० ते १५ असत आणि टाइप फक्त अटॅक-डिफेन्सवरून ठरे: दोन्हींना ४ ने भागायचं, अटॅकची बाकी चौपट करायची, डिफेन्सची बाकी तिच्यात मिळवायची. त्याच गेममध्ये शायनी, म्हणजे दुर्मिळ वेगळ्या रंगाचा पोकेमॉन, असणंही याच आकड्यांवर ठरे. डिफेन्स नेमका १० लागे आणि अटॅक असा की त्याला ४ ने भागल्यावर बाकी २ किंवा ३. आता मांडून पाहा, १० किंवा १४ याशिवाय काही येऊच शकत नाही. म्हणजे त्या पिढीतल्या प्रत्येक शायनी पोकेमॉनची हिडन पॉवर एकतर ग्रास नाहीतर ड्रॅगन! हे मी वहीत पडताळलं तेव्हा तुला लगेच कळवावंसं वाटलं होतं.

पुढे या मूव्हचं काय झालं ते तुला माहीत आहेच. २०१३ च्या एक्स-वायमध्ये ताकद सगळ्यांना सरसकट ६० झाली आणि तुझं दुसरं पान निकामी ठरलं. मला तो बदल पटतो, दोन-दोन अटी जुळवत अंडी उबवणं फार जाच होता. २०१६ च्या सन-मूनमध्ये हायपर ट्रेनिंग आलं. त्याने स्टॅट ३१ असल्यासारखे होतात, पण हिडन पॉवर जन्माच्या आकड्यांवरच चालते, आणि हे त्यांनी फार योग्य केलं. २०१९ च्या सोर्ड-शील्डमधून मात्र मूव्हच काढून टाकली. त्याचं मला वाईट वाटतं. आकडेमोड अवघड होती हे खरं, पण ज्याच्याकडे मारायला दुसरं काहीच नाही अशा इलेक्ट्रिक पोकेमॉनला तिने एक दार उघडून दिलं होतं.

उत्तर हातात ठेवणं तुला सोपं होतं. आकडे भरले की टाइप सांगणारे कॅल्क्युलेटर तेव्हाही होते, तुझ्याकडेही होता. तरी तू आधी बेऱ्या चारायला लावल्यास, मग वजाबाक्या, मग पेन्सिल माझ्या हातात, आणि ५.९५ पाशी मी अडखळले तेव्हा शांतपणे थांबलीस. त्या थांबण्याबद्दल विशेष आभार.

आता एक विचारायचं आहे. प्लॅटिनममध्येच मॅग्नेझोन तयार करते आहे, मॅग्नेट पुलवाला, म्हणजे स्टील पोकेमॉन त्याच्यासमोरून पळू शकत नाहीत. त्याची हिडन पॉवर फायर ठेवली तर सायझर आणि फॉरट्रेस चौपट मार खातात. ग्राउंड ठेवली तर हीट्रॅन आणि समोरचा मॅग्नेझोन. फायरसाठी स्पेशल अटॅक आणि स्पीडमधला एकेक गुण जातो, पण मॅग्नेझोन तसाही संथच. माझा कल फायरकडे आहे. अंडी उबवायला घेण्याआधी तुझं मत कळव.

तुझी,
जॉल्टिऑनवाली