कंट्रोल रेषा उमटली म्हणजे किट चांगले, असे नव्हे

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

विषय : जलद चाचणी किटची खरेदी व साठवणीनंतरची तपासणी

महोदय,

नॅनोतंत्रज्ञानाचा विषय निघाला की ग्राफीनचे सेन्सर आणि औषध वाहून नेणारे कण यांची चर्चा होते. त्यातले काही प्रत्यक्षात आलेलेही आहे. मेदकणांत बंद केलेले डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध १९९५पासून वापरात आहे. पण आरोग्य केंद्रात रोज हाताळले जाणारे नॅनोतंत्रज्ञान म्हणजे रेषा उमटणारी साधी चाचणी पट्टी. हे पत्र तिच्याविषयी आहे.

त्या पट्टीतली लाल रेषा बहुतेक किटमध्ये सोन्याच्या कणांची असते. साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे हे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून ते लाल दिसतात. प्रत्येक कणावर प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिने, बसवलेली असतात. नमुना आणि बफर (किटसोबत येणारे द्रावण) पडले की वाळवलेले कण सुटतात आणि नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवरून पुढे सरकतात. नमुन्यात प्रतिजन, म्हणजे रोगजंतूचा शोधायचा अंश, असेल तर तो एका बाजूने कणाला आणि दुसऱ्या बाजूने टी (टेस्ट) रेषेवरच्या प्रतिपिंडाला चिकटतो. उरलेले कण पुढे सी (कंट्रोल) रेषेवर अडकतात.

गोची इथेच आहे. उन्हात तापलेल्या गोदामात सोन्याला काही होत नाही. मरतात ती प्रतिपिंडे. सी रेषेला मात्र प्रतिजन लागतच नाही. ती कणावरचे प्रतिपिंड थेट पकडते आणि तिच्यापर्यंत कण भरपूर पोहोचतात. त्यामुळे टी रेषा निकामी झालेल्या पट्टीवरही सी रेषा ठसठशीत उमटते. द्रव वाहिला आणि कण सुटले, एवढेच ती सांगते. नमुना पुरेसा होता की नाही, हेही तिला कळत नाही. अशा किटवर भरपूर प्रतिजन असलेला रुग्ण पॉझिटिव्ह येतो, कमी प्रतिजन असलेला निसटतो, आणि कुणाला संशयही येत नाही.

म्हणून किट गोदामात आल्यावर गडद पॉझिटिव्ह नमुन्यावर तपासणे ही निव्वळ औपचारिकता आहे. तपासणी शोधमर्यादेच्या (किटला ओळखता येणाऱ्या किमान प्रतिजनाच्या) जवळच्या, फिकट पॉझिटिव्ह नमुन्यावरच हवी. मलेरियाच्या किटसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्यमापनात मायक्रोलिटरमागे २०० परजीवींचा नमुना त्यासाठीच ठेवला गेला. आमची मागणी अशी की प्रत्येक लॉटची (एकत्र तयार झालेल्या किटच्या गटाची) ही तपासणी दोनदा व्हावी : एकदा माल उतरताना आणि पुन्हा काही महिन्यांनी, सर्वांत दूरच्या व सर्वांत तापणाऱ्या केंद्रातून परत मागवलेल्या किटवर. मध्यवर्ती गोदामात राखून ठेवलेले किट चांगले निघाले, यातून वाटेत काय झाले ते कळत नाही. खोक्यांत तापमान नोंदवणारे लॉगर असावेत, हे वेगळे सांगायला नको.

निविदेत आज किंमत आणि संवेदनशीलता यांवरच भर असेल, तर ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के आर्द्रतेत तयार किट किती महिने टिकते याची आकडेवारीही सक्तीची करावी. ती सुट्या प्रतिपिंडाची नको, पाकीटबंद पट्टीची हवी.

वापरातल्या चुका त्याच त्या आहेत. फ्रिजमधले पाकीट लगेच फोडले की पट्टीवर दव धरते. बफर संपले की दुसऱ्या किटची बाटली किंवा चक्क पाणी वापरले जाते; त्यातून खोटी पॉझिटिव्ह रेषाही येऊ शकते. थेंब जास्त पडले तर पट्टी लालसर होऊन फिकट रेषा त्यात बुडते. १५ मिनिटांनी वाचायची पट्टी तासाभराने वाचली तर वाळताना उमटलेली रेषा फसवते. प्रतिजन अतोनात असेल तर टी रेषा उलट फिकी पडते. लक्षणे ठळक असूनही निकाल निगेटिव्ह आला, तर नमुना पातळ करून चाचणी पुन्हा करावी, हे प्रशिक्षणात यायलाच हवे.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. नोंदवहीत प्रत्येक निकालापुढे किटचा लॉट क्रमांक लिहिणे बंधनकारक करावे. तो नसेल, तर एखादा लॉट नापास ठरल्यावर कोणत्या रुग्णांना पुन्हा बोलवायचे हे शोधता येत नाही.

कळावे,
निदान-किटची निर्मिती व गुणवत्ता तपासणी या क्षेत्रांत काम करणारे आम्ही