नानाकाकांचा खोकला

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, भर दुपार

प्रिय बाळ्या,

बाहेर लू चाललीय, कूलरने सकाळपासून मान टाकलीय. सकाळची बेडई अजून घशाशी आहे. झोप येईना, म्हणून पत्र.

भाची आलीय सुट्टीला. पंधरा वर्षांची, तोंडाने फटकळ. परवा तिच्याबरोबर तो काजव्यांचा जपानी सिनेमा बघितला, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', 1988चा. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, 1967ची. दुसऱ्या महायुद्धात कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात, आई जाते, मागे चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. तिच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. गोळ्या संपल्यावर त्यात पाणी घालून हलवून पितात रे! बहीण उपाशी मरते आणि तिची हाडं भाऊ त्याच डब्यात ठेवतो.

मग मी मास्तरकी केली. म्हटलं, नोसाकांची धाकटी बहीण खरंच 1945त उपासमारीने गेली, आणि ते पुढे कबूल करत की आपण सेइताइतके चांगले नव्हतो, तिच्या वाटचं आपणच खाल्लं. यावर ती म्हणते, "मग मामा, हे सगळं खोटंच ना?"

मी गप्प. रात्री त्या जर्मन रेमार्कचं पहिल्या महायुद्धावरचं 1929चं पुस्तक काढलं, 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', आपण कॉलेजात चढाओढीने वाचलेलं. रेमार्कला स्वतःला अठराव्या वर्षी लष्करात ओढलं होतं. त्यातल्या मेलेल्या पोराच्या बुटांबद्दल सगळे बोलतात, मला बूट तितके लागत नाहीत. लागतं ते पॉल, त्या पोराचा फौजेतला सोबती, रजेवर घरी येतो ते. त्या पोराची आई त्याला शपथ घालते, खरं सांग, कसा गेला? पाय कापलेला, तळमळत गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिलाय. तरी सांगतो, जागच्या जागी गेला, काही कळलंसुद्धा नाही. आणि शपथ घेतो. विशीच्या आसपासचं पोर, आणि इतकं सफाईने खोटं बोलायला शिकलंय. गोळ्या-तोफांच्या शंभर पानांवर ते एक पान भारी आहे.

आपल्याकडे तरी सरळ कोणी लिहिलं? पानिपतानंतर नानासाहेब पेशव्याला भेलशाला, म्हणजे आपल्या बीनापुढच्या विदिशाला, सावकाराचं पत्र मिळालं, त्यात दोन मोती गळाल्याचा हिशेब. त्यातला एक मोती विश्वासराव, विशीसुद्धा न गाठलेला. बापाने ते वाचलं कसं असेल!

खरं तर हे सगळं लिहिलं ते तुझ्या नानाकाकांसाठी. 71च्या लढाईहून आलेले. ओट्यावर बसून आपल्याला लंगरच्या पुऱ्यांच्या आणि सुभेदाराच्या मिशांच्या गोष्टी सांगायचे, आपण लोळायचो हसून. आणि दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब उडाला की उठून देवघरात जायचे, दार लावून घ्यायचे. धुराने खोकला होतो म्हणायचे. तू एकदा मुद्दाम दाराशी लड लावलीस, आठवतंय? मी काडेपेटी धरली होती. बाहेर आले तेव्हा सदरा घामाने चिंब, आणि आपल्यालाच म्हणाले, "आत फार उकडतं रे."

तू त्या घरातला. तुला त्यांचा खोकला कधी ऐकू आला होता का? मला एकदाही आठवत नाही. कळव.

तुझाच,
बंडू