आधी प्राणी पाहा, मग पुठ्ठा कापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान मी नातवंडांच्या आधी वाचतो. गेल्या खेपेला त्यात टाकाऊ वस्तूंपासून प्राणी करायला दाखवले होते. साहित्याची यादी अशी: कागदी नळी, रंगीत फोमचे ताव, चमकी, हलणारे डोळे, लोकरीचे गोंडे आणि गरम गोंदाची बंदूक. नळी सोडली तर यात टाकाऊ काय आहे? बाकी सगळं विकत आणायचं. शिवाय त्याच पानावरच्या कोळ्याला सहा पाय होते. पान लहान मुलांचं म्हणून कोळ्याचे दोन पाय कमी करायचे, असं थोडंच आहे!

माझं आयुष्य बाइंडिंगच्या कामात गेलं. आता धंदा बंद केला, पण पुठ्ठा, खळ आणि कात्री सुटलेली नाही. घरातली आणि शेजारची मुलं दुपारी जमतात आणि आम्ही प्राणी करत बसतो. तेवढ्या अधिकारावर लिहितो आहे.

डोळ्यांचंच घ्या. आत काळी टिकली लुडबुडणारे ते प्लास्टिकचे डोळे सगळ्या प्राण्यांना सरसकट चिकटवतात. मांजराच्या डोळ्यातली बाहुली उजेडात उभी चीर होते, शेळीची आडवी असते. चरायला मान खाली घातली की शेळीचे डोळे खोबणीत फिरतात आणि ती चीर जमिनीला समांतरच राहते. हे मुलांना एकदा सांगा आणि पेन हातात द्या. मग शेळीचा डोळा मांजराला कुणी काढत नाही. काढलाच तर दुसरं मूल लगेच ओरडतं. आणि घुबड! ज्या पक्ष्याला डोळे जागच्या जागी जवळजवळ हलवताच येत नाहीत, त्यालाच हमखास हलणारे डोळे लावलेले असतात. घुबडाला बाजूचं पाहायचं तर मान वळवावी लागते, आणि ती सुमारे २७० अंशांपर्यंत वळते. आमच्याकडे घुबड दोन नळ्यांचं असतं. एक नळी उभी चिरून किंचित आवळायची आणि दुसरीत सरकवायची. वरची नळी डोकं, खालची धड. डोकं गरगर फिरतं, गोंदाचा थेंबही लागत नाही. मुलं ते इतकं फिरवतात की नळी झिजून सैल होते. मग नवी घ्यायची, नळ्यांना काय तोटा.

विकतचे डोळे निखळतातही, आणि हाताला येईल ते तोंडात घालणारं धाकटं भावंड बऱ्याच घरांत असतंच. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ बटणं, मणी, असले डोळे नकोतच.

आता पुठ्ठ्याविषयी, कारण ही माझी जागा आहे. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागदांच्या मध्ये लाटा असतात. या लाटा उभ्या राहतील असे पाय कापले तर प्राणी वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर पाय दुमडतात. हे सांगू नये. दोन्ही तऱ्हांचे बैल करून मुलांना त्यांच्या पाठीवर वह्या ठेवू द्याव्यात. कुठला आधी बसतो ते पाहून पुढच्या वेळी ती स्वतःच पुठ्ठा फिरवून धरतात. जोडणीला खाच पाडायची. धडाच्या पट्टीला खालून, पायांच्या तुकड्याला वरून, दोन्ही अर्ध्यापर्यंत आणि पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच रुंद. जास्त रुंद झाली की प्राणी डुलतो, कमी झाली की पुठ्ठा चेंगरतो. खाचा मोठ्यांनीच पाडाव्यात; कटर मुलांच्या हातात नको.

कागदालाही दिशा असते, आम्ही बाइंडर तिला ग्रेन म्हणतो. आपलाच मोठ्या पानाचा अंक घेऊन वरून खाली फाडा, पट्टी सरळ निघते. आडवा फाडा, कुठल्या कुठे जाते. उभ्या फाडलेल्या बारीक पट्ट्या ताठ राहतात, त्यांच्या मिशा कराव्यात. आडव्या कापलेल्या पट्ट्या पेन्सिलीवर चटकन वळतात, त्यांची सिंहाला आयाळ होते. ही गंमत मुलांना जादूपेक्षा जास्त आवडते. मला अजून आवडते.

कासव करायचं असेल तर वाडगा पालथा घालून त्याला साबण चोळावा आणि वर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या लावाव्यात. पट्ट्या फाडलेल्या हव्यात, कापलेल्या नकोत. फाटक्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि सांधा दिसत नाही. दोन थर झाले की वाळू द्यावं, मग पुढचे. घाई केली तर आत बुरशी येते. खळ पिठाची, घरी शिजवलेली आणि त्याच दिवशीची. अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट सगळेच करतात, आम्हीही करतो. मात्र अंडं सांडून डागाळलेला ट्रे घेऊ नये, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. आणि सुरवंटाला पुढे पायांच्या तीनच जोड्या खऱ्या. मागचे मांसल पाय फुलपाखरू होताना नाहीसे होतात. खरे पाय काड्यांचे आणि मागचे कापसाचे केले की फरक लक्षात राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तयार नमुन्याचा फोटो. तो समोर असला की मूल त्याची नक्कल करतं आणि ती जमली नाही की रडतं. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. पुढे १९५१ मध्ये एका माकडिणीच्या तोंडासाठी खेळण्यातल्या मोटारी वापरल्या. आम्हा पुठ्ठेवाल्यांना पिकासो फारसा कळत नाही, पण हे कळतं. सीट बघताना त्याला बैल दिसला. माझी धाकटी नात पुठ्ठ्याचा एका बाजूचा कागद सोलून ती पट्टी गुंडाळत बसली होती. मी तिला चाक सुचवणार इतक्यात ती म्हणाली, "आजोबा, गोगलगाय." मग आम्ही बागेत खरी गोगलगाय पाहून आलो. तिला शिंगांच्या दोन जोड्या असतात आणि डोळे लांब जोडीच्या टोकांवर. सुतळीला गाठी मारून ते केले.

चमकीबद्दल एवढंच, की ती बहुतेक प्लास्टिकचीच असते. कागदाला चमकी आणि फोम चिकटवले की तो कागद रद्दीतही जात नाही. कंटाळा येईपर्यंत खेळून झालं की आमचे प्राणी खाचांतून सुटे होतात आणि निमूट रद्दीच्या गठ्ठ्यात जातात. एखाद्याला वाईट वाटलं तर तो प्राणी ठेवून घेतो.

तेव्हा विनंती अशी. तयार वस्तूऐवजी खऱ्या प्राण्याचा मोठा, स्पष्ट फोटो छापा. त्याला पाय किती, डोळे कुठे, तो चालतो कसा, एवढं दोन ओळींत लिहा. साहित्याची यादी गाळा. मुलांनी पाठवलेल्या प्राण्यांतले वाकडेतिकडेही छापा, नुसते सुबक नकोत. सुबक बहुतेक आईबाबांनी केलेले असतात.

पुढच्या रविवारी खेकडा घेता येईल. पायांच्या पाच जोड्या, त्यातली पहिली नांग्यांची, आणि चाल बहुधा आडवी. तो आडवा चालेल असा कसा करायचा, हे मुलांवर सोडा.

आपला,
एक निवृत्त बुकबाइंडर