दत्ताला, त्या तांबड्या खुणांबद्दल

प्रिय दत्ता,

तुझा फोन झाल्यापासून एकच गोष्ट मनात घोळतेय. अप्पांची वेदाची पोथी स्कॅन झाली, आता काळजी मिटली, असं तू म्हणालास. नाही मिटली रे! माझा गुडघा ठीक आहे, ते सोड.

ब्रिटिश लायब्ररीतल्या एका ग्रीक पोथीच्या पानांचे फोटो पाहत होतो. तिचा क्रमांक हार्ले 5598. चर्चच्या उपासनेत वाचायचे शुभवर्तमानातले, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांतले, उतारे, वाचनाच्या क्रमाने लावलेले: ईस्टरला योहानाचा ग्रंथ, पेन्टेकॉस्टनंतर (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशीचा सण) मत्तयाचा, मग लूकचा. कॉन्स्टंटाइन नावाच्या धर्मगुरूने 27 मे 995 रोजी पुरी केली. चर्मपत्राची 374 पानं! तेव्हा झरझर लिहायची बारीक लिपी रुळली होती, तरी याने जुनी, मोठी, सुटी अक्षरं घातलीत. मोठ्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांची केवढी काळजी!

आणि ओळींच्या वर-खाली तांबड्या खुणा. अगदी अप्पांच्या पोथीसारख्या, बघून छातीत धस्स झालं. ऑक्सेया, वारेया, क्रेमास्ते अशी त्यांची नावं. शब्दसमूहाच्या सुरुवातीला एक, शेवटी एक, मधला मजकूर त्या धाटणीत म्हणायचा. पण ती धाटणी नेमकी कशी, ते आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत त्या खुणा वापरातून गेल्या. ग्रीक चर्चमध्ये शुभवर्तमान आजही गाऊन वाचतात, पण ती चाल तोंडोतोंडी आलेली. अशा शेकडो पोथ्या शिल्लक आहेत, दत्ता, आणि कॉन्स्टंटाइनचा सूर एकीतूनही ऐकू येत नाही.

घाटावरचं आपलं भांडण आठवतंय? "अनुदात्ताची, खालच्या स्वराची, आडवी रेघ, स्वरिताची उभी, सगळं छापलंय, मग हात हलवत घोकायचं कशाला?" असं तू तावातावाने म्हणालास, आणि अप्पांनी तुला अख्खा अध्याय पुन्हा म्हणायला लावला. तुझ्या वाटणीचा लाडू मी खाल्ला, त्यावरून तू अजून चिडतोस. पण मी तेव्हाही म्हणत होतो, उभी रेघ वर जा म्हणते. किती वर, ते अप्पांचा गळाच सांगतो.

चिन्मयला नोकरी लागली, फार बरं वाटलं. वहिनींचे डोळे दाखवून घे.

रविवारी पहाटे अप्पांना बसव. मोबाईल समोर ठेव, आवाजाबरोबर हातही दिसला पाहिजे. पोथी उघडी असू दे. मध्ये खोकला आला तरी रेकॉर्डिंग थांबवू नकोस.

तुझा,
बापू