कुलरचे गवत बदलायला आलेल्या आप्पांस

आदरणीय आप्पा यांस,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही जळगावातील आमच्या घरी कुलरचे गवत बदलायला आला होतात. काम संपल्यावर मी ठरलेले पैसे तुमच्या हातात ठेवले, तुम्ही ते न मोजता खिशात घातले आणि सायकलला पिशवी अडकवून निघून गेलात. दार लावल्यावर मला रडू आवरेना, आणि त्या रडण्यात तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. त्यानंतर दोनदा फोन हातात घेतला, परंतु "त्यात काय एवढं, ताई" म्हणून तुम्ही विषय मिटवाल हे ठाऊक असल्यामुळे शेवटी हे पत्र लिहायला बसले. चार लोकांनी ते वाचावे अशीही माझी इच्छा आहे. तुमची नात तुम्हाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते असे तुम्ही सांगितले होते, तिलाच हेही वाचायला सांगा.

आमच्या बैठकीच्या खोलीत तुम्ही पाहिलेली पीस लिलीची कुंडी माझ्या आईची आहे. बाबा रेल्वेत होते आणि आमचे बालपण भुसावळच्या क्वार्टरमध्ये गेले. तिथल्या एका शेजारणीने बदली होऊन जाताना या झाडाचा एक फुटवा, ओटी भरावी तसा, आईच्या पदरात घातला होता. जाड भिंतींच्या त्या घरात, ओसरीच्या आतल्या सावलीच्या कोपऱ्यात, ते झाड वर्षानुवर्षे सुखाने वाढले. गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणे चार-दोन शब्दांवर आले, तेव्हा मी तिला माझ्याकडे आणले आणि तिच्या पाठोपाठ तिची कुंडीही आणली. पलंगावरून ती सहज दिसावी म्हणून मी ती खिडकीतल्या कुलरच्या अगदी पुढ्यात, छताच्या पंख्याच्याही वाऱ्यात येईल अशी, एका स्टुलावर ठेवली. सकाळी डोळे उघडले की आई आधी तिच्याकडे पाहते.

होळी झाली, कुलर सुरू झाला आणि झाड बिघडू लागले. आधी पानांची टोके तपकिरी झाली, मग तो रंग कडेकडेने खाली उतरला आणि बोटांत धरताच ती कड पापडासारखी मोडू लागली. कुलरच्या बाजूची पाने दिवसरात्र एकमेकांवर घासून चिरली होती आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके उमटले होते. आई हे सारे रोज पाहत होती. तिला विचारता येत नव्हते, पण डावा हात उचलून ती कुंडीकडे दाखवायची आणि माझ्या तोंडाकडे पाहायची, आणि माझ्याजवळ उत्तर नसायचे.

त्या उत्तरासाठी मी ज्यांच्या दारात गेले, त्यांच्याविषयी लिहिताना मन आजही कडू होते. एका रोपवाटिकेत पानाचा फोटो पाहून, एकही प्रश्न न विचारता, ही भुरी आहे असे सांगून बुरशीनाशकाची बाटली माझ्या हातात दिली गेली. फोनवरून सल्ला देणाऱ्या एका जाणकारांनी आगाऊ पैसे घेतले आणि झाडाला पाणी कमी पडते आहे, रोज घाला, असे सांगितले. मी रोज घातले, तेव्हा खालची पाने पिवळी पडली, मातीला कुबट वास येऊ लागला आणि कुंडीभोवती बारीक चिलटे फिरू लागली. पीस लिली तहानली की मान टाकते आणि पाणी मिळाले की काही तासांत पुन्हा उभी राहते, हे मी लहानपणापासून पाहिले होते. आता माती ओली असतानाही ती मान टाकून होती. पुन्हा फोन केला, तर त्याचे वेगळे पैसे पडतील असे उत्तर आले. जवळच्या नात्यातले एकजण तर, प्लास्टिकचे झाड आणून ठेव, तिला आता काय कळते आहे, असे आईच्या उशाशी उभे राहून बोलले. आईला सगळे कळते, आप्पा. त्या दुपारी तिने भिंतीकडे तोंड वळवले आणि दिवेलागणीपर्यंत फिरवले नाही. या सर्वांपैकी कोणीही, कुंडी घरात कुठे ठेवली आहे, एवढा साधा प्रश्न मला विचारला नाही.

तुम्हाला तर मी काही विचारलेही नव्हते. जुने गवत काढून, नवे बसवून तुम्ही कुलर सुरू करून पाहिलात आणि झोताबरोबर तुमची नजर थेट त्या पानांवर गेली. तुम्ही बादलीत हात बुडवून त्याची मागची बाजू पानांजवळ धरलीत, तो किती लवकर सुकतो ते पाहिलेत आणि मग माझाही हात ओला करून तिथेच धरायला लावलात. "ताई, पानी कमी नही शे. हाऊ वारा तिले मारी ऱ्हायना," असे तुम्ही अहिराणीत म्हणालात. ज्याला भुरी म्हटले गेले होते तो पांढरा ठिपका तुम्ही नखाने खरवडला, तर त्याखाली पान हिरवेगार होते. कुलरमधून उडणारे बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकून राहिलेले ते क्षार होते. तरुणपणी तुम्ही चोपड्याकडे केळीच्या कांदेबागेत काम केले होते; अशा बागेभोवती शेवरीची झाडे आणि गजराज गवत का लावतात, हे तुम्ही मला तेव्हा समजावून सांगितलेत. उन्हाळी वाऱ्याने केळीच्या पानांच्या चिंध्या होतात आणि कडा करपतात. शेवरी वारा पूर्ण अडवत नाही, ती त्याची धार मोडते, आणि केळीला तेवढेच पुरते. तुमच्या तोंडून ते ऐकताना मला वाटले की इतके दिवस मी ज्याला रोग समजत होते, त्याला आमच्या मुलखातला प्रत्येक केळीवाला नावानिशी ओळखतो.

पुढे मी या विषयावर वाचले, तेव्हा तुमच्या ओल्या हाताचा अर्थ नीट कळला. पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते आणि पानालगत ओलसर हवेचा एक पातळ थर धरून राहते. तो थर असतो म्हणून पान बेताने सुकते. जोराचा वारा तो थर पुसून नेत राहतो आणि मुळे देऊ शकतात त्याहून जास्त पाणी पानातून निघून जाते, मग माती कितीही ओली असली तरी मुळांपासून सर्वांत दूर असलेली टोके आणि कडा आधी जळतात. कुलरची हवा ओलसर असते, ती झाडाला मानवतेच, असे मला अनेकांनी सांगितले होते आणि मीही त्यावर विसंबले होते. परंतु तो ओलावा झोताच्या जोरापुढे पुरत नाही, आणि दुपारी टाकी रिकामी झाली की तोच कुलर बाहेरची झळ जशीच्या तशी आत फेकतो. पीस लिली मुळात अमेरिका खंडातील उष्ण, दमट जंगलांच्या सावलीत वाढणारी. मे महिन्यातल्या खान्देशाची कोरडी हवा तिला तशीही जड जाते. मंद, खेळती हवा मात्र तिला हवीच असते, कारण हवा अगदी कोंडली की बुरशी धरते. हे सारे पुस्तकी शब्द न वापरता तुम्ही मला एका वाक्यात सांगून गेला होतात.

मला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. त्या दिवशी पारा 44 अंशांच्या पुढे होता आणि आईसाठी कुलर व पंखा दोन्ही चालू राहणे भाग होते. पंखा बंद ठेवा, असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही कुंडी उचलून लोखंडी कपाटाच्या आडोशाला, झोत पोहोचत नाही अशा जागी नेली. तिथे उजेड होता आणि पानही हलत नव्हते, म्हणून मी म्हणाले की छान झाले, राहू द्या इथेच. तुम्ही म्हणालात, "थांबा, ताई." डोक्यावरची टोपी काढून तुम्ही आईजवळ गेलात, "माय, बसू का इथं?" असे तिला विचारलेत आणि पलंगाच्या कडेला गुडघे टेकून तुमचे डोके तिच्या उशीच्या बरोबरीला आणून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून कुंडीकडे पाहिलेत. कपाटाची कड मध्ये येत होती. पलंगाच्या खुराला धरून तुम्ही उठलात, कुंडी वीतभर सरकवलीत आणि पुन्हा येऊन गुडघे टेकलेत. असे तुम्ही तीनदा केलेत. तुमचे गुडघे दुखत असावेत, कारण उठताना प्रत्येक वेळी तुमचा श्वास अडकत होता. तिसऱ्या वेळी आईने डावा हात उचलला आणि स्पष्ट म्हणाली, "दिसतं."

मग तुम्ही माझ्याकडून आईचे एक जुने सुती लुगडे मागून घेतलेत आणि कपाटापासून खिडकीच्या गजापर्यंत सैल बांधलेत, आणि हीच तुमची शेवरी, असे मला म्हणालात. आजही ते तसेच आहे.

आप्पा, गेल्या वर्षभरात आमच्या घरी पुष्कळ माणसे येऊन गेली. त्यातली बहुतेक भली होती, काहींनी पैशांची मदत केली, काहींनी रात्र जागवली, त्यांचे ऋण मी विसरणार नाही. परंतु सगळेजण पलंगाशेजारी उभे राहूनच बोलले आणि आईविषयीचे प्रश्न आईच्या डोक्यावरून मला विचारले. मीसुद्धा, तिची मुलगी असून, तिच्या उशीवर डोके ठेवून तिथून खोली कशी दिसते हे कधी पाहिले नव्हते. त्या रात्री ती झोपल्यावर मी ते पाहिले. छताच्या पंख्याची पाती, कपाटाचा वरचा अर्धा भाग, खिडकीतला आभाळाचा तुकडा आणि ती कुंडी, एवढेच तिथून दिसते. यातली कुंडी तिच्यापासून हिरावली गेली असती तर काय उरले असते, याचा विचार तुम्ही केलात. दोन तासांची मजुरी घेऊन जाणाऱ्या माणसाकडून हे कोणी अपेक्षिले नव्हते आणि तुम्हीही ते उपकार म्हणून केले नाहीत. माणुसकी हा शब्द आपण फार सहज वापरतो. मला तो यापुढे ऐकू आला की पलंगाच्या कडेला ठेवलेली तुमची टोपी आठवेल.

आता पाऊस लागला आहे आणि कुलर झाकून ठेवला आहे. कुजलेली मुळे काढून मी माती बदलली, पाणी बोटभर माती कोरडी झाल्यावरच घालते. जळलेल्या कडा पुन्हा हिरव्या होत नाहीत हे मला कळले आहे, म्हणून ती पाने तशीच राहू दिली. परवा मधून एक नवे पान सुरळीतून सुटले, त्याची एकही कड करपलेली नाही. ते आईने माझ्या आधी पाहिले आणि हात करून मला बोलावून दाखवले.

माती बदलताना मुळाशी फुटलेले एक पिल्लू वेगळे निघाले. ते तुमच्यासाठी छोट्या कुंडीत लावले आहे आणि सध्या लुगड्याच्या आड, आईच्या नजरेसमोर आहे. कुलरसाठी पुढच्या होळीपर्यंत थांबू नका. एखाद्या संध्याकाळी नातीला घेऊन चहाला या आणि ते घेऊन जा. आई वाट पाहते आहे.

आपली कृतज्ञ,
जळगावची ताई