बंदूक हा सवलतीचा माल नव्हे

संपादक महोदय,

अमेरिकेत नोव्हेंबरमधील ‘ब्लॅक फ्रायडे’ या मोठ्या सवलत-विक्रीच्या दिवसाच्या सुमारास मोठ्या दुकानांत तंबू आणि गरम कपड्यांबरोबर शिकारीच्या रायफलीही सवलतीत विकल्या जातात, आणि त्या जाहिराती पाहून आपल्याकडील काही तरुणांनाही त्याचे अप्रूप वाटते, म्हणून हे पत्र.

तिथे ग्राहकाला अर्ज भरावा लागतो व एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेमार्फत त्याची पडताळणी होते, हे खरे. मात्र ती बहुधा काही मिनिटांत उरकते. 2018 साली फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत हत्याकांड झाल्यावर वॉलमार्ट या बड्या दुकानसाखळीने बंदूक खरेदीचे किमान वय स्वतःहून 21 केले, कारण रायफलीसाठी केंद्रीय कायद्यात ते 18च होते. दुकानदाराला कायद्याच्या पुढे पाऊल टाकावे लागले, हे मला फार बोलके वाटते.

आपल्या गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण भागांत रानडुकरे भातशेतीची नासधूस करतात आणि काही शेतकऱ्यांकडे पीकरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. गरज तपासूनच परवाना देण्याची आपली रीत योग्य आहे. किंमत उतरली म्हणून घेतलेल्या शस्त्रामागे अशी गरज असेलच असे नाही. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी असल्यामुळे, हौसेची रायफल इथे कोणत्या कामाची, हा प्रश्न उरतोच.

छाननी सैल करू नये, पण खऱ्या शेतकऱ्याचे हेलपाटे वाचावेत यासाठी प्रशासनाने परवाना नूतनीकरणाची शिबिरे तालुक्यातच आणि पीक तयार होण्यापूर्वी घ्यावीत, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, वाळपई